आसरांच्या दारात

आज चांगदेवला गेलो होतो. तापी-पूर्णेचा संगम, देऊळ, दर्शन, सगळं अर्ध्या तासात उरकलं. पण मन अडकलं ते काठावरच्या सात दगडांपाशी. शेंदूर फासलेले, पुढे वाळलेलं नारळ. साती आसरा, पाण्यातल्या सात देवता!

आजी सांगायची, भर दुपारी डोहाकडे फिरकायचं नाही. आसरा पाय ओढतात. आणि गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, तर ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, ओ दिली की गेलाच. तिचा ठरलेला दम, 'भाऊ, दुपारले डोहकडे जाऊ नको!' मोठेपणी कळलं की आसरा म्हणजे मुळात 'अप्सरा'. स्वर्गातल्या नाचणाऱ्या आमच्या खान्देशात येऊन पोरांचे पाय ओढू लागल्या, हे मला अजून पटत नाही. ऊन फार लागलं असेल बिचाऱ्यांना.

खरं तर डोहात काठ अचानक तुटतो, वर पाणी संथ आणि खाली ओढ. पोहणाऱ्यालाही अंदाज येत नाही. दुपारी तर काठावर चिटपाखरू नसतं, वाचवणार कोण? आजीला हे सगळं माहीत होतं, फक्त तिनं त्याला बायकांची नावं दिली.

एवढं शहाणपण करत पाण्यात पाय सोडून बसलो होतो. समोर बुडबुडे आले. तळाच्या गाळात पालापाचोळा कुजतो, त्याचा वायू, मला ठाऊक आहे.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं नाव घेतलं.

मी ओ दिली नाही. बायको अजून रुसलीये.