एका गुंठ्याची गोष्ट

गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, 1089 स्क्वेअर फूट. आमच्या अण्णांनी 1996 ला पुण्याबाहेर (आता ते पुण्यातच आलंय) एवढाच तुकडा घेतला, दोरी लावून मोजला, चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दोन पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या. खरेदीखत झालं, स्टॅम्प ड्युटी भरली, पण सातबाऱ्यावर नाव गेलं ते मालकाच्या रकान्यात नाही, इतर हक्कात, वर शेरा, 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार'. घरपट्टी मात्र दरवर्षी बिनचूक येते बरं का.

कायदा 1947 चा. वाटण्या होऊन शेताचे कसता न येण्याइतके तुकडे पडू नयेत म्हणून केलेला, आणि शेतापुरता बरोबरच आहे. जिरायत 20 गुंठे, बागायत 10, त्याखाली तोडायचं नाही. पण हेच शहराच्या कडेला लावलं की दहा गुंठे परवडतात तोच कायदेशीर आणि आम्ही सगळे गुंठेवारीवाले! छोटी घरं थांबली का त्याने? छे, गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या, फक्त कागद क्लिअर नाही म्हणून बँक लोन देत नाही, मग सावकार नाहीतर भिशी.

सरकारलाही हे कळत होतंच. 2017 ला सांगितलं असे व्यवहार नियमित करायला रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या) 25 टक्के भरा, मग ते 5 टक्के झालं आणि 2025 ला अध्यादेश काढून 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे व्यवहार फुकटात नियमित. शेजारच्या काकांनी 25 टक्के भरले होते, त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नाही.

पण नुसता शेरा खोडून भागत नाही. आमची गल्ली दहा फुटी, अण्णांना अटॅक आला तेव्हा अॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली, आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. म्हणून म्हणतो, गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडू द्या, राजरोस पाडू द्या, पण आधी रस्ता आणि ड्रेनेज आखा. 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) 150 चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला प्लॅन देऊन फी भरली की पावती हीच परवानगी, आणि गुंठा तर जेमतेम 101 चौरस मीटर! म्हणजे छोटं घर बांधायची सोय आहे, छोटी जमीन सरळ मार्गाने घ्यायचीच पंचाईत.

सोमवारी तलाठ्याकडे जायचंय. आईने 1996 ची खरेदीखताची पिशवी कपाटातून काढून ठेवलीय, आत दोरीसुद्धा आहे.