कडेला चिकटू नका: शहरात सायकल नव्याने काढणाऱ्यांसाठी

पुण्यात नव्याने सायकल बाहेर काढणाऱ्याला धास्ती असते ती मागून येणाऱ्या गाडीची. म्हणून तो रस्त्याच्या डाव्या कडेला चिकटून चालवतो आणि तिथेच फसतो. कडेला काय काय असतं बघा: खडी, काचा, खचलेली चेंबरची झाकणं, उभ्या गाड्या, आणि समोरून राँग साइडने बिनधास्त येणारी दुचाकी. यातलं काही चुकवायला ऐनवेळी उजवीकडे वळलात, की मागच्याला ब्रेक मारायला वेळच उरत नाही. ज्या धक्क्याला घाबरून कडेला गेलात, तोच ओढवून घेता.

तेव्हा कडेपासून दोन-अडीच फूट सोडा आणि एका रेषेत चालवा. गाड्या उभ्या असतील तर त्यांच्यापासून किमान चार फूट अंतर हवं, कारण कारचं दार पूर्ण उघडलं की जवळपास तीन फूट बाहेर येतं. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणं तर टाळाच; मध्येच तुम्ही मागच्याला दिसेनासे होता. राँग साइडने कुणी आलं तर वेग कमी करून घंटी वाजवा, हवं तर थांबा, पण झटक्यात उजवीकडे जाऊ नका. आणि हॉर्नला बिचकू नका. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी मागे आहे’ एवढाच असतो.

मोठ्या रस्त्यावर येण्याआधी एक गोष्ट जमायलाच हवी: सायकल न डगमगता मागे वळून बघणं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने दहा-पंधरा मीटरची सरळ रेघ मारा. तिच्यावरून चालवताना उजव्या खांद्यावरून मागे बघा. मागे उभ्या असलेल्या माणसाने किती बोटं दाखवली ते सांगता आलं पाहिजे. सुरुवातीला हँडल हमखास उजवीकडे ओढलं जातं, कारण मानेबरोबर खांदाही वळतो आणि हात ताठ असतात. कोपर सैल सोडा, हातांवरचा भार कमी करा, हनुवटी खांद्याकडे न्या. रेघ सुटेनाशी झाली की मग उजवा हात बाहेर काढायचा सराव. रस्त्यावर क्रम असा: आधी बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मगच सरका. दुसऱ्यांदा बघायचा कंटाळा करणारे पुष्कळ.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायला मधल्या लेनमध्ये घुसायची काहीच गरज नाही. हिरव्या दिव्यावर सरळ पलीकडे जा, समोरच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल उजवीकडे फिरवा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. तेही जड वाटलं तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून चालत जा. त्यात कसली लाज?

बस, डंपर, पाण्याचे टँकर यांच्या डावीकडून पुढे कधीही शिरू नका, सिग्नलला सगळे थांबलेले असले तरी. गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि तुम्ही चाक आणि कठडा यांच्यामध्ये सापडता. साधी खूण: ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. पीएमपीची बस स्टॉपवर आली की मागे थांबायचं. रिक्षाच्या अगदी मागे मात्र राहू नका. गिऱ्हाईक दिसलं की ती आहे तिथे थांबते.

सायकलचं म्हणाल तर सीट जरा खाली घ्या. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतो ती नेहमीची उंची. त्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवलं तर सीटवर बसल्या बसल्या चवडे टेकतात आणि सिग्नलला धीर येतो. हवा टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांच्या मध्ये भरा. ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल घट्ट करून घ्या. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते आधीच तपासा, कारण सगळ्या सायकलींना तो एकाच बाजूला नसतो. आणि ब्रेक नेहमी दोन्ही मिळून दाबा. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्यात हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकंच सैल. पिशवी हँडलला लटकवू नका. ओढणी बांधून घ्या.

रस्ता निवडताना नकाशातला जवळचा रस्ता बघू नका. कोथरूडहून डेक्कनला जायला कर्वे रस्त्यालाच धरून राहायला हवं असं नाही; बराचसा पल्ला प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून काढता येतो. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. सायकल ट्रॅक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. बरेच ट्रॅक मध्येच संपतात, नाहीतर त्यावर गाड्या लावलेल्या असतात, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर येऊ शकते.

पावसात रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की पकड यायला चाकाचे दोन-चार फेरे जातात, त्यामुळे आधीपासून हलके दाबत राहा. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांच्यावर वळू नका. सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली उंच कड तिरकी ओलांडली तर पुढचं चाक घसरतं, म्हणून ती शक्य तितकी काटकोनात ओलांडा. डबकं दिसलं तर त्यातून जाऊ नका, खाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. आधी मागे बघा, मग वळसा घाला.