एका हेडरवर सहा फॅन

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून फोन आला. "ताई, कॉम्प्युटर बंद पडायलाय सारखा. उद्या सकाळी पॅटर्न शिरोलीला पोच करायचाय. फाउंड्रीवाला थांबणार न्हाई."

फोनवरचे काका पॅटर्नमेकर. ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना म्हणजे पॅटर्न. त्यांच्या वडिलांनी सागवानात हातानं कोरून पॅटर्न केले. आता काकांचा मुलगा कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, टूलपाथ, म्हणजे हत्यारानं कुठून कसं कापत जायचं तो मार्ग, काढतो आणि तो लाकूड कापणाऱ्या मशीनला देतो. पंपाच्या केसिंगचा टूलपाथ काढायला तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ प्रोसेसर पूर्ण ताकदीनं राबतो. आदल्या रात्री तीन वेळा काम अर्ध्यात तुटलं होतं. राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात मीच जोडून दिलेला तो कॉम्प्युटर. दुकान उघडायच्या आत टूलबॉक्स आणि मल्टिमीटर घेऊन निघाले.

पोचले तेव्हा मुलानं पुन्हा काम लावलं होतं. कॅबिनेटचा पत्रा चांगलाच तापला होता. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांना टेकलेलं, आणि काम गोगलगाईसारखं सरकत होतं. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी भागलं नाही तर कॉम्प्युटर स्वतःला बंद करून घेतो. लोकांना शेवटचं तेवढं दिसतं.

बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरवरचा फॅन जोरात फिरत होता, पण कॅबिनेटचे सहाच्या सहा फॅन ठप्प. पुढचे तीन, वरचे दोन, मागचा एक, सगळे. एकाच वेळी सहा फॅन जळत नाहीत. मदरबोर्डावर फॅनची तार लावायच्या पिना असतात, तो हेडर. एक फॅन काढून बोर्डाच्या दुसऱ्या हेडरला लावला, लगेच फिरला. मग ज्या हेडरवर सगळे जोडले होते तिथं मल्टिमीटर लावला. १२ व्होल्ट दिसायला हवे होते, दिसलं शून्य. टॉर्च मारली तर हेडरच्या बुडाशी बोर्ड तपकिरी पडला होता.

ती जोडणी माझीच होती. कॉम्प्युटर दिला तेव्हा चार फॅन होते, एका स्प्लिटरवर, म्हणजे एका हेडरला अनेक फॅन जोडणाऱ्या तारेवर. वर्षभरानं काका म्हणाले, "अजून दोन लावा की, उन्हाळ्यात लई तापतंय." तेव्हा दुकानात तीन पिनांचे दोन फॅन शिल्लक होते. स्प्लिटरच्या एका टोकाला दुसरा स्प्लिटर लावून मी ते जोडले. फिरले, तापमान उतरलं, मी निघून आले.

त्या दिवशी प्रत्येक फॅनवरचं स्टिकर वाचलं. ते मी वर्षापूर्वीच वाचायला हवं होतं. चार पिनांचे चार फॅन, प्रत्येकी ०.२५ अँपिअर. तीन पिनांचे दोन, प्रत्येकी ०.३०. बेरीज १.६ अँपिअर. आणि त्या बोर्डाच्या पुस्तिकेत हेडरची क्षमता स्पष्ट लिहिली होती, १ अँपिअर. बहुतेक बोर्डांवर साध्या हेडरची तेवढीच असते.

मग वर्षभर चाललं कसं? याचा विचार मी गुडघे टेकून तिथंच करत बसले. चार पिनांच्या फॅनला चौथ्या तारेतून वेगाची सूचना मिळते. गरज कमी असली की तो हळू फिरतो आणि करंटही कमी ओढतो. हिवाळ्यात, पावसाळ्यात ते चार फॅन अर्ध्या वेगावर असायचे आणि हेडर कसाबसा तग धरायचा. तीन पिनांच्या फॅनला ती चौथी तार नसते. चौथ्या तारेतून सूचना देणाऱ्या, म्हणजे पीडब्ल्यूएम, हेडरवर त्याला सरळ १२ व्होल्ट मिळतात, तो बाराही महिने पूर्ण वेगावर. मे महिन्यात बाकीचे चारही पूर्ण वेगावर गेले आणि हिशेब फिस्कटला.

त्यात पुढचा सर्वांत खालचा फॅन बोटानं फिरवून पाहिला तर खरखरून अडकला. कॅबिनेट जमिनीवर, शेजारच्या खोलीत ग्राइंडर. पात्यांवर लोखंडाची काळी भुकटी. अडकलेला फॅन थोड्या थोड्या वेळानं सुरू व्हायचा प्रयत्न करत राहतो, आणि सुरू होताना फॅन नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतो. हा फॅन किती दिवस अडकला होता ते कुणालाच कळलं नसतं, कारण स्प्लिटरवरच्या एकाच फॅनचा वेग बोर्डापर्यंत पोचतो; बाकीच्या टोकांना ती पिनच नसते. स्क्रीनवर एक आकडा ठीक दिसायचा आणि आम्ही सहाही ठीक समजायचो.

काकांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पॅटर्नमधी आमचंबी चुकतंय. कास्टिंग निघाल्यावर कळतंय. आता काय करायचं ते सांगा."

दुकानात जाऊन वेगळी पॉवर घेणारा हब, म्हणजे अनेक फॅन जोडायची पेटी, आणि चार पिनांचे तीन नवे फॅन घेऊन आले. अशा हबची वीज थेट एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, साटा नावाच्या कनेक्टरमधून येते. त्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. आमचे सहा फॅन मिळून आता पूर्ण वेगावर दीड. बोर्डाच्या चांगल्या हेडरमधून हबला फक्त वेगाची सूचना जाते आणि पहिल्या फॅनचा वेग परत येतो, भार शून्य. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, तो हेडर डीसी मोडवर होता, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा; तो पीडब्ल्यूएमवर केला. नाहीतर हबला सूचना मिळाली नसती आणि सगळे फॅन कायम ओरडत राहिले असते. प्रोसेसरचा फॅन मात्र त्याच्या स्वतःच्या हेडरवरच ठेवला. तो बंद पडला तर बोर्डाला कळलंच पाहिजे.

मुलगा म्हणाला, "ताई, लायटिंगचे फॅन घातले असते तर?" त्याला लायटिंगचे दोन्ही प्रकारचे प्लग दाखवले. तीन पिनांचा ५ व्होल्टचा, चार पिनांचा १२ व्होल्टचा; फॅनच्या पिनांशी यांचा संबंध नाही. जोर लावून ५ चा प्लग १२ वर बसवणारे मी पाहिलेत. लाइट तिथल्या तिथं जळतात.

कॅबिनेट टेबलावर घेतलं, ग्राइंडरच्या भिंतीपासून दूर, पुढच्या तीन फॅनना बारीक जाळी लावली. भुकटी ब्रशनं काढली, मग ब्लोअर. लोखंडाचे कण आधीच फुंकले तर बोर्डाच्या पिनांत जाऊन बसतात. पावणेबाराला टूलपाथ लावला. वीस मिनिटांनी तापमान ७४ अंशांवर थांबलं ते हललं नाही. दीडच्या सुमारास पुढच्या शेडमधून मशीननं लाकूड कापायला घेतल्याचा आवाज आला आणि काका उठून तिकडं गेले. जाताना पैशांचं विचारलं. हब, फॅन, येणं-जाणं, काहीच घेतलं नाही. आधीचा तो हेडर कायमचा गेला होता, त्यावर कागदी टेप चिकटवून आले.

संध्याकाळी दुकानात मागच्या दोन वर्षांची बिलबुकं काढली आणि ज्या ज्या बिलावर 'स्प्लिटर' लिहिलं होतं त्या कोपऱ्यांना घडी घातली. नऊ निघाली. पहिलं हुपरीचं होतं, चांदीच्या दागिन्यांची डिझाइनं करणाऱ्या एका बाईंचं. रात्रीचे साडेआठ झाले होते, तरी फोन लावला. "वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरला फॅन किती लावलेत मी? आठवतंय का?"