तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याचा मोठा खासदार कोण?

गोव्याचा सगळ्यांत मोठा खासदार कोण, हे पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. मी म्हणतो, समाजवादी नेते मधु लिमये. लगेच पुढचा प्रश्न: ते तर बिहारचे ना?

निवडून बिहारमधून आले, खरंय. 1964 ची पोटनिवडणूक आणि 1967 मध्ये मुंगेर, मग 1973 आणि 1977 मध्ये बांका. जन्म पुण्याचा. तरी माझं उत्तर तेच, कारण हा माणूस लोकसभेत गेला तो गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगावरून.

जुलै 1955 मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते हद्द ओलांडून पोर्तुगीजांच्या गोव्यात आले. पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारलं, डिसेंबरात लष्करी न्यायालयानं 12 वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. लिमयांनी बचाव केला नाही, अपीलही नाही. जे कोर्टच मानत नाही त्याच्यापुढं गाऱ्हाणं कसलं घालायचं? सुटका झाली 1957 मध्ये. त्या काळात आग्वादला कोण कोण होतं बघा: नानासाहेब गोरे, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदीब चौधुरी. चौधुरी तर तेव्हाच खासदार होते. गोरे सुटले आणि त्याच वर्षी पुण्यातून लोकसभेत गेले, जोशी 1967 मध्ये भोपाळहून. (आमच्याकडे येणारे वर किल्ल्यावर फोटो काढून परत फिरतात. खालच्या तुरुंगात आता संग्रहालय आहे, तिकडं पाय वळवा.)

मला नवल वाटतं ते पुढच्याचं. परक्यांचं कोर्ट झुगारणारा हा माणूस लोकसभेत मात्र नियमांवर बोट ठेवून बोलायचा. हक्कभंग, स्थगन प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा, घटनेची कलमं, सगळं मुखोद्गत. 1974 च्या पाँडिचेरी आयात परवाना प्रकरणात (खासदारांच्या खोट्या सह्या वापरल्याचा आरोप होता) सीबीआयचा अहवाल सभागृहापुढं ठेवा म्हणून विरोधकांनी सरकारला भंडावून सोडलं, त्यात लिमये पुढं होते. काहींना तो नुसता शब्दांचा कीस वाटायचा. मला त्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा गोवा दिसतो. इथं छापण्याआधी सेन्सॉर होता, सभेला बंदी होती, सरकारला जाब विचारायला जागाच नव्हती. आम्हाला आमची विधानसभा निवडता आली ती थेट 1963 मध्ये. अशा राजवटीची कोठडी भोगलेला माणूस प्रश्नोत्तराचा तास वाया घालवणार नाही, असा आपला माझा तर्क.

1976 मध्ये लोकसभेची पाच वर्षं संपली आणि सरकारनं मुदत वाढवून घेतली. लिमये तेव्हा आणीबाणीत पुन्हा तुरुंगात, या खेपेस आपल्याच सरकारच्या. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलंय, म्हणून त्यांनी आतूनच राजीनामा दिला. शरद यादवांनीही दिला. पुढं माजी खासदाराचं पेन्शन घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिकाचंही नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. जनता पक्षातले जनसंघवाले संघाचेही सदस्य कसे राहतात, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद त्यांनी 1979 मध्ये तुटेपर्यंत ताणला, आणि मोरारजींचं सरकार पडल्याचं खापर बरेच जण अजून त्यांच्या डोक्यावर फोडतात. आमच्या फोंड्यात या विषयावर अजून आवाज चढतात. पण ज्यांच्याशी हा वाद होता, त्यांतले एक जगन्नाथराव जोशी, आग्वादचेच सोबती, हे भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.