सुकुबावर टोयोटा 86: सहाव्या आठवड्याची नोंद

मागच्या नोंदीत मी ‘ग्रान तुरिस्मो 7’ या मोटार शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील माझ्या टोयोटा 86 ला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून शक्ती वाढवणारा भाग) बसवणार असल्याचे लिहिले होते. तो बसवला, तीन आठवडे चालवला आणि अखेर काढून ठेवला. त्याची कारणे इथे सविस्तर मांडत आहे.

चाचणीचा ट्रॅक तोच ठेवला आहे: जपानमधील सुकुबा, जेमतेम दोन किलोमीटरचा. दर वेळी सारखे इंधन भरून दहा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) घ्यायचे, एवढाच नियम. सोलापुरात एप्रिल लागला की वरच्या खोलीत दुपारी बसवत नाही, म्हणून सराव पहाटे पाच ते सात या वेळेत होतो. पॅडल फरशीवर सरकू नयेत यासाठी खाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घातली आहे. ब्रेकवरचा पाय स्थिर झाल्यापासून गाडीतला दोष कोणता आणि माझी चूक कोणती, हे मला वेगळे ओळखता येऊ लागले.

मूळ गाडीचे 1998 सीसीचे, समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन 200 अश्वशक्ती देते आणि ते खाली बसवलेले असल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही खाली राहतो. तिची सरासरी 1 मिनिट 10.4 सेकंद होती. इंजिनाच्या वरच्या आरपीएमला (मिनिटातल्या फेऱ्यांना) जोर देणारा टर्बो बसवल्यावर सर्वोत्तम लॅप 1.9 सेकंदांनी सुधारला, पण दहापैकी चार लॅप वाया गेले. दुसऱ्या हेअरपिन वळणातून बाहेर पडताना मी अर्धा ॲक्सिलरेटर देत असे, क्षणभर काहीच घडत नसे आणि मग स्टिअरिंग अजून वळलेले असतानाच सगळा जोर एकदम मागच्या चाकांवर येई. टायरची पकड मर्यादित असते. तिचा बराचसा वाटा गाडी वळवण्यात खर्च होत असताना वरून इतका जोर आला, की मागचा भाग सुटणारच. मागच्या सरळ रस्त्याच्या शेवटी दुसरीच अडचण उभी राहिली. तिथे वेग साधारण दहा टक्क्यांनी वाढला होता, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ब्रेकना सुमारे 21 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागत होती, आणि ब्रेक मात्र मूळचेच होते.

अक्कलकोट रस्त्यावर आमच्या ओळखीच्या एका मामांचे गॅरेज आहे. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अहो, इंजिनाचा सगळा जोर शेवटी चार तळहातांएवढ्या रबरावरनंच रस्त्यावर उतरतो, आधी तिकडं बघा.” त्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही, तरी त्यांचे निदान अचूक होते.

त्यानंतर टर्बो काढला आणि स्पोर्ट्स मीडियम टायर, पूर्ण बदलता येणारे सस्पेन्शन व डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) घेतले. पहिल्या दिवशी हौसेने स्प्रिंग फार कडक केल्या, तेव्हा ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर (कर्बवर) चढताच आतले चाक उचलले जाऊन गाडी उसळू लागली. स्प्रिंग सैल करून मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणे रोखणारा दांडा) दोन पायऱ्यांनी मऊ केल्यावर मागचा भाग शांत झाला. वळणात गाडीचे नाक किंचित बाहेर जाऊ लागले, ते पुढचा बार एका पायरीने मऊ करून सावरले. डिफरेन्शियलची ॲक्सिलरेशन सेन्सिटिव्हिटी (ॲक्सिलरेटर देताना ते दोन्ही चाके किती जखडते ते) 40 वरून 25 वर आणली, तेव्हा दोन्ही मागची चाके एकदम सुटणे थांबले. आता सरासरी 1 मिनिट 7.6 सेकंद आहे आणि दहाही लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत बसतात. यातला मोठा वाटा टायरचा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

माझा भाचा ‘फोर्झा होरायझन 5’ हा दुसरा शर्यतीचा गेम खेळतो. त्याने माझदा एमएक्स-5 मध्ये व्ही8 इंजिन बसवले, तेव्हा पुढच्या चाकांवरच्या वजनाची टक्केवारी वाढली आणि वळणात गाडीचे नाक बाहेर जाऊ लागले. त्या खेळात गाडीच्या क्षमतेला गुण मिळतात आणि ए वर्गाची मर्यादा 800 गुणांची असल्याने इंजिनावर खर्च झालेले गुण टायरसाठी उरत नाहीत, हा हिशेब मला फार योग्य वाटतो.

पुढच्या आठवड्यात खालच्या आरपीएमला जोर देणारा टर्बो बसवून पॉवर रिस्ट्रिक्टरने (शक्तीला मर्यादा घालणाऱ्या भागाने) इंजिन सुमारे 230 अश्वशक्तीवर रोखणार आहे. त्याआधी ब्रेक बदलून होतील. सुकुबावरचे दहा लॅप झाले, की हाच सेटअप जपानमधीलच सुझुका ट्रॅकच्या एस वळणांवर नेऊन पाहीन, कारण वजन डावीकडून उजवीकडे सलग फेकले जाते तेव्हा मऊ केलेले अँटी-रोल बार कसे वागतात, हे सुकुबावर नीट कळत नाही.