आकडा भरघोस, आवाज फाटका

तक्रार जरा चमत्कारिक होती. डोंगराआडच्या त्या गावात आमच्या एफएम स्टेशनचा सिग्नल खणखणीत पोहोचत होता, तरी श्रोते म्हणत होते की गाणं फाटतं, निवेदिकेचा 'स' तर चरचरतो. स्टेशनप्रमुखांनी उपायही ठरवून ठेवला होता, "पॉवर दुप्पट करा." दुप्पट पॉवर म्हणजे ३ डीबी (डेसिबल, सिग्नलचा जोर मोजायचं माप). गाडीतल्या रेडिओला तो फरक बहुधा कळतही नाही, विजेच्या बिलाला मात्र लगेच कळतो.

कव्हरेज नकाशात गाव हिरव्या पट्ट्यात होतं. अंदाज होता ६१ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे त्या जागी सिग्नल किती तीव्र आहे त्याचा आकडा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे ग्रामीण भागात स्टिरिओसाठी ५४ पुरतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. दहा मीटर उंचीवर अँटेना चढवून मोजलं, तर ६४ आले. तंत्रज्ञ खूश. मी नाही. डोंगराआड अंदाजापेक्षा जास्त मिळालं की पहिला प्रश्न पडतो, हे आलं कुठून?

कारण हा अंदाज काढणारं आमचं सॉफ्टवेअर टॉवरपासून गावापर्यंत एक सरळ रेषा धरतं आणि त्या रेषेवरचे चढउतार पाहून डोंगरमाथ्यावरून सिग्नल किती वाकून खाली येईल ते काढतं. रेषेच्या बाजूला काय उभं आहे, ते त्याला दिसतच नाही.

मग गाडी गावातून अगदी सावकाश चालवायला सांगितली. मीटरचा काटा नुसता नाचत होता. मीटर-दोन मीटर पुढे गेलं की पंधरा डीबीने खाली, तेवढंच आणखी गेलं की पुन्हा वर. एफएमची तरंगलांबी साधारण तीन मीटर. इतक्या थोड्या अंतरात असे चढउतार दिसले की दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळताहेत असं समजायचं. रेडिओ मोनोवर टाकला, आवाज बराच निवळला. स्टिरिओतला डावा-उजवा फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून (सिग्नलमध्येच बसवलेल्या जादा लहरीवरून) जातो आणि उशिरा आलेल्या लहरीचा पहिला फटका त्यालाच बसतो.

राहिला प्रश्न दुसऱ्या वाटेचा. यागी अँटेना, म्हणजे समोरच्या दिशेचाच सिग्नल जास्त टिपणारी, हाताने हळूहळू फिरवली. टॉवरच्या दिशेला सिग्नलचा एक ठळक उंचवटा, ते अपेक्षितच होतं. पण जवळजवळ तेवढाच दुसरा उंचवटा एका बाजूला मिळाला. तिकडे पाहिलं, तर उभा, सपाट कातळकडा. टॉवरवरून तो थेट दिसतो, गाव दिसत नाही. म्हणजे गावाला डोंगरावरून वाकलेला, दमलेला सिग्नल, आणि कड्याला पूर्ण ताकदीचा. तिथून तो उलटून गावात. नकाशावर मोजलं तर वाट तीन किलोमीटरने लांब, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांचा उशीर.

एफएम रिसीव्हर दोन सिग्नलांपैकी जोरकस असलेला पकडतो आणि दुसऱ्याला दाबतो. दोघं तोडीस तोड असले की मात्र त्याची पंचाईत होते. पॉवर वाढवली असती तर दोघंही सारखेच वाढले असते, नातं तेच राहिलं असतं. हे प्रमुखांना फोनवर सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे कमी करायची म्हणता?"

हो, पण फक्त कड्याकडे. त्या दिशेला वस्ती नव्हती, हे आमचं नशीब. मनोऱ्यावर पॅनेल अँटेना होत्या, म्हणजे प्रत्येक बाजूसाठी वेगळ्या. त्या बाजूच्या पॅनेलला जाणारा वाटा कमी करून तिकडची पॉवर चौथ्या हिश्श्याहूनही खाली आणायचं ठरलं. मनोऱ्यावर माणूस चढवायचा म्हणजे प्रक्षेपण बंद, म्हणून काम मध्यरात्रीनंतर. गावाच्या दिशेलाही एखाद डीबीची झळ बसणार होती, ती आधीच हिशेबात धरली.

काम झाल्यावर गावात मोजलं, तर ६४ चे ६० झाले होते. काट्याचा नाच थांबला नव्हता, पण पंधराऐवजी पाच-सहा डीबीत आला होता, आणि स्टिरिओ लावूनही 'स' स्वच्छ. गावाच्या कड्याकडच्या टोकाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, अजून चरचर होती. तो तुकडा अहवालात लाल रंगवून दिला. तो भरायचा तर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर छोटा ट्रान्समीटरच लागेल. अहवाल मिळताच प्रमुखांचा फोन आला, "चार डीबी कमी झाले की हो!"

"झाले," म्हटलं, "आता रेडिओ लावून बघा."