भरकटलेल्या कक्षेतला डच उपग्रह

28 सप्टेंबर 2015 रोजी अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाची निरीक्षणे आपल्या पुण्यात, गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये हाताळली जातात. ॲस्ट्रोसॅटप्रमाणे अतिनील आणि क्ष-किरण दुर्बिणी एकाच उपग्रहावर बसवण्याची कल्पना याआधी कुणी राबवली होती, हे शोधताना मी नेदरलँड्सपाशी पोहोचलो. पुणे जिल्ह्याच्या तिपटीहूनही लहान असलेल्या या देशाने आपला पहिला उपग्रह, एएनएस, 30 ऑगस्ट 1974 रोजी अमेरिकेच्या स्काउट अग्निबाणाने सोडला. त्यावर ग्रोनिंगेन या डच शहरातल्या शास्त्रज्ञांची 22 सेंटिमीटरची अतिनील दुर्बीण होती, तसेच उट्रेख्ट या दुसऱ्या डच शहरातल्या आणि अमेरिकी शास्त्रज्ञांची क्ष-किरण उपकरणे होती.

अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातील बिघाडामुळे नियोजित वर्तुळाकार कक्षा साधली नाही. उपग्रह कधी पृथ्वीपासून तीनशे किलोमीटरच्याही खाली येई, तर कधी हजार किलोमीटरच्या पलीकडे जाई, आणि त्या उंचीवर विद्युतभारित कणांच्या माऱ्यामुळे निरीक्षणाचा बराच वेळ वाया जाई. परंतु डच अभियंत्यांनी उपग्रहावर पुन्हा प्रोग्रॅम करता येणारा संगणक बसवला होता, जे त्या काळी अगदी नवे होते. त्यामुळे बिघडलेल्या कक्षेला जुळणारे नवे वेळापत्रक जमिनीवरून पाठवणे शक्य झाले. माझ्या मते या मोहिमेचे खरे श्रेय या दूरदृष्टीला आहे.

याच उपग्रहाने 1975 मध्ये धनू राशीतील एनजीसी 6624 या गोलाकार तारकागुच्छातला एक क्ष-किरण स्रोत एकाएकी अनेक पटींनी उजळून काही सेकंदांत मावळताना टिपला. जोनाथन ग्रिंडले, जॉन हाइझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. पुढे उलगडा झाला तो असा: न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेतो, ते त्याच्या पृष्ठभागावर साठत जाते, आणि दाब व तापमान पुरेसे वाढले की त्या थरात अणुसंमीलनाचा भडका उडतो. या स्रोतातील दोन तारे तर अवघ्या अकरा मिनिटांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात, हे वाचून मी कितीतरी वेळ थक्क होतो.

एएनएस जून 1977 मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला. पाऊस ओसरल्यावर, शहराच्या उजेडापासून दूर, मी लहान दुर्बिणीतून धनूतील डेल्टा ताऱ्याशेजारी तो गुच्छ शोधला, आणि तो पुसट ठिपका सापडला.